खाडा धरून व्यायाम

साताऱ्यात आमचं औषधांचं दुकान आहे. नवरा खरेदी आणि हिशेब बघतो, काउंटर माझ्याकडे. डॉक्टरकडे माणूस आजारी पडला की जातो. आमच्याकडे तो संकल्प केल्यावरही येतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रोटीन पावडरची चौकशी होते, दुसऱ्या आठवड्यात नी-कॅप जातात, आणि मग दुखण्यावरचा स्प्रे. फेब्रुवारीत सगळं शांत. यातली कित्येक माणसं मी वर्षानुवर्षं ओळखते आणि ती आळशी अजिबात नाहीत. पहाटे मार्केट यार्डात भाजी उतरवणारा माणूस आळशी कसा असेल? तीन पोरांचं करून शाळेत शिकवायला जाणारी बाई?

त्यांचं चुकतं ते आखणीत. ते आखतात आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाकडे बघून. रात्री झोप पूर्ण झालेली, घरात पाहुणा नाही, पाऊस नाही, कुणाची परीक्षा नाही, पाठ दुखत नाही. असा दिवस महिन्यातून किती वेळा उगवतो? म्हणून जो कुणी विचारतो त्याला मी सांगते, की आधी तुमचा वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा आणि त्या दिवशी काय जमेल ते ठरवा. चांगल्या दिवसाचं आपोआप होतं.

दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर मांडतो ना, तसंच हे. महिन्यात चार खाडे पडले म्हणून कुणी रतीब बंद करत नाही. खाडा मांडायचा, दुसऱ्या दिवशी पातेलं ठेवायचं.

वेळ घड्याळाला नको, कामाला बांधा

पहाटे पाचला उठा, असं सांगणारा माणूस भेटला की त्याला विचारावं, तुमच्या घरी डबा कोण करतं? बायकांची सकाळ बायकांची नसते. आमच्याकडे नळाचं पाणी भरणं, दोन डबे, सासूबाईंचा चहा-नाश्ता आणि त्यांच्या गोळ्या हे सगळं उरकेपर्यंत सव्वाआठ होतात. दुकान साडेनऊला उघडतं. मधला तास वरवर बघता माझा. प्रत्यक्षात तो ओट्याचा, सिंकमधल्या भांड्यांचा आणि मशीनला लावायच्या कपड्यांचा.

म्हणून मी पोळ्या लाटतानाच चालायचे कपडे घातलेले असतात. पायात मोजेसुद्धा. बूट दाराबाहेरच्या रॅकवर, नाड्या सैल करून, जीभ वर ओढून ठेवलेले. शेवटचा डबा दारातून बाहेर पडला की त्याच्यामागून मीही बाहेर. ओट्याकडे परत वळायचं नाही. एकदा का फडकं हातात घेतलं की ओटा पुसला जातो, मग शेगडी, मग म्हटलं डाळ भिजत घालू, आणि बघता बघता नऊ वाजतात. भांडी कुठे पळून जात नाहीत. सुरुवातीला सासूबाई ‘एवढं आवरून तरी जा’ म्हणायच्या. मी नुसतं ‘आलेच’ म्हणायचे आणि निघायचे. वाद घालत बसले असते तर तोही वेळ गेलाच असता.

यात घड्याळ कुठेच नाही. डबा कधी आठला जातो, कधी साडेआठला, पण जातो नक्की. जे काम तुमच्या दिवसात हमखास होतं, त्याच्या शेपटीला व्यायाम बांधायचा. एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्यांना ‘रोज सकाळी सहाला’ हे जमणारच नाही, कारण दर आठवड्याला पाळी बदलते. पण ‘घरी आल्यावर, आंघोळीच्या आधी’ हे तिन्ही पाळ्यांत जमतं. घामाचे कपडे तसेही अंगावर असतात. आमच्याकडे येणारे एक निवृत्त काका पेपर आणायला स्वतः जातात. घरपोच टाकायचा बंदच केला त्यांनी, आणि स्टॉल मुद्दाम लांबचा निवडला. दुकानदारांनी शटर वर करायच्या आधी. शिक्षकांनी शाळा सुटल्यावर, पण घरी जायच्या आधी. घरी जाऊन चहा घेतला की दिवाण सोडत नाही.

रात्रीच्या शतपावलीबद्दल खूप जण विचारतात. ती जरूर करा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर कमी उसळते, शुगरवाल्यांना त्याचा सरळ फायदा आहे. पण गप्पा मारत, हातात मोबाइल धरून केलेली शतपावली हा श्वास वाढवणारा व्यायाम नव्हे. तिचा हिशेब वेगळा ठेवा.

दोन मापं

प्रत्येकाजवळ दोन मापं हवीत. एक चांगल्या दिवसाचं, एक वाईट दिवसाचं. चांगल्या दिवसाचं माझं म्हणजे गावातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या चढाने जाऊन परत, आणि सुट्टीच्या दिवशी अजिंक्यतारा किल्ल्यावर. वाईट दिवसाचं म्हणजे दहा उठाबशा आणि दहा जोर. पाच मिनिटांत संपतं. ताप असेल तर तेही नाही, पण बाकी कुठलाही दिवस इतका वाईट नसतो की पाच मिनिटं निघू नयेत.

हे दुसरं माप लहान ठेवायचं, अगदी लाज वाटेल इतकं लहान. लोकांना ते पटत नाही. ‘दहा उठाबशांनी काय होणार हो वहिनी?’ अंगाला फारसं काही होत नाही, कबूल. पण उद्याचं दार उघडं राहतं. ज्या दिवशी काहीच केलेलं नसतं त्याच्या दुसऱ्या दिवशी उठणं जास्त जड जातं, हे माझ्याइतकंच तुम्हालाही माहीत आहे.

आता हे करायचं कसं ते नीट सांगते, कारण घाईत केलं की गुडघा बोलतो.

उठाबशीसाठी हात नसलेली, टणक बैठकीची खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवा, म्हणजे मागे सरकणार नाही. प्लास्टिकची नको. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्याइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. अंग पुढे झुकवा, टाचांवर भार द्या आणि हाताचा आधार न घेता उभे राहा. श्वास उठताना सोडायचा. बसताना धप्पकन बसू नका, तीन आकडे मोजत बसा. खरा व्यायाम त्या सावकाश बसण्यातच आहे. गुडघे आत एकमेकांकडे वळत असतील तर मुद्दाम बाहेर ठेवा. हे सोपं वाटायला लागलं की खुर्ची काढून बैठका.

जोर तीन पायऱ्यांनी. आधी भिंतीवर: हात खांद्याच्या उंचीवर टेकवून दोन पावलं मागे या, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत ठेवा आणि कोपरं वाकवत छाती भिंतीकडे न्या. मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर. ओट्याची उंची यासाठी छान असते आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत तिथे उभं राहायचंच असतं. फक्त ओटा कोरडा हवा, पाण्यावर हात सटकतो. आणि शेवटी जमिनीवर. जमिनीवर पोहोचायला कुणाला दोन महिने लागतात, कुणाला वर्ष. तालमीत घुमलेल्या माणसांना हे पोरखेळ वाटेल. वाटू द्या.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्याही खुर्चीतल्या उठाबशा करतात, समोर टेबल धरून. आकडे मोजत नाहीत. प्रत्येक उठण्याला एकेकदा ‘श्रीराम’ म्हणतात. मधेच फोन आला की गणती चुकते आणि त्या खुशाल पहिल्यापासून सुरू करतात. आधी त्यांना संडासातून उठताना कुणीतरी हात द्यावा लागायचा. आता लागत नाही. वय वाढतं तसे स्नायू घटत जातात आणि मांड्यांचा जोर गेला की पडण्याची भीती येते. पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढची औषधं आमच्याच दुकानातून जातात, म्हणून हे पोटतिडकीने सांगते.

किती दिवसांत सवय लागते

२१ दिवसांत, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ लोकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगी करायची आणि ती किती आपसूक होते ते नोंदवायचं, असा तो होता. सरासरी निघाली ६६ दिवसांची, पण कुणाला १८ दिवस पुरतील तर कुणाला २५४, इतका फरक. शिवाय ग्लासभर पाणी पिण्यासारख्या सवयीपेक्षा व्यायामाची सवय जडायला जास्त वेळ लागतो, असंही त्यात दिसलं.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे आपला खाड्याचा हिशेब शास्त्रालाही धरून आहे. २१ दिवसांची आशा धरलेला माणूस बाविसाव्या दिवशीही कंटाळा येतोय म्हणून स्वतःवरच चिडतो आणि सोडून देतो. त्याला आधीच सांगायला हवं होतं, की बाबा, दिवाळीला सुरू केलंस तर होळीपर्यंत कंटाळा येणारच आहे.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं. त्याच्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि माझे व्यायामाचे खाडे, सगळं एकत्र. मी केलेल्या दिवसांची खूण करत नाही, फक्त चुकलेल्या दिवशी ‘व्या’ लिहून फुली. कामही कमी आणि खरंही तेच कळतं. नियम एवढाच, की दोन फुल्या शेजारी शेजारी यायला नकोत. आज राहिलं तर उद्या वाईट दिवसाचं माप तरी. मोबाइलमध्ये त्यासाठी ॲप आहेत, मुलीने एक घालूनही दिलं होतं. पण ते रोज टाळ्या वाजवतं आणि एक दिवस चुकला की सगळी साखळी शून्यावर आणतं. आपल्याला नेमकं तेच नको आहे.

आठवड्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलं ते प्रौढ माणसासाठी असं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा. शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीनदा तोल सांभाळण्याचाही. पूर्वी ‘एका वेळी निदान दहा मिनिटं’ अशी अट होती, ती यात काढून टाकली. म्हणजे पाच-पाच मिनिटंसुद्धा धरली जातात. जिन्यावरून दोनदा वर-खाली केलेलंही.

मध्यम जोर म्हणजे काय? चालताना बोलता आलं पाहिजे, पण आरती म्हणता येऊ नये. आरती म्हणता येत असेल तर पाय उचला. दोन शब्दही धाप लागल्याशिवाय निघत नसतील तर ते दमवणारं झालं. सुरुवातीचे दोन महिने तिथे जाऊ नका. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर सकाळी पाहिलं तर पहिल्या वळणाला सगळे बोलत असतात आणि वर जाता जाता एकेकाचं बोलणं बंद पडत जातं. त्या शांततेवरून मी गर्दीतले नवे लोक ओळखते.

दहा हजार पावलांचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो आकडा जगभर गेला. वाईट नाही तो, पण काही वैद्यकीय हिशेब करून कुणी काढलेलाही नाही. तुमची आज तीन हजार होत असतील तर पुढच्या महिन्यात चार हजार करा.

वजनाबद्दल एकदाच बोलते. वजनकाटा हा व्यायामाचा मास्तर नेमू नका. नुसत्या चालण्याने वजन फार हळू उतरतं, आणि चढ चढून आल्यावर खाल्लेल्या दोन कंदी पेढ्यांनी तेही भरून निघतं. आधी सुधारते ती झोप. मग जिना चढतानाची धाप कमी होते, मग शुगर आणि बीपीचे आकडे थोडे हलतात. काट्याचा नंबर सगळ्यात शेवटी. ज्यांनी काट्यासाठी सुरू केलं होतं ते तोवर घरी बसलेले असतात.

पाऊस

आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस ठाण मांडून असतो. यवतेश्वरच्या घाटात ढग खाली उतरतात, अजिंक्यताऱ्याच्या पायवाटा शेवाळून जातात. बऱ्याच जणांचे व्यायाम या चार महिन्यांत वाहून जातात. आणि मग आकाश निवळल्यावर पुन्हा पहिल्यापासून. गंमत म्हणजे याच दिवसांत गावात हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे लोक भर पावसात घाट चढताना दिसतात. २१ किलोमीटर, तेही यवतेश्वरचा घाट चढून. त्यांना माझा नमस्कार. आपल्यासारख्यांनी मे महिन्यातच पावसाळ्याचं ठरवून ठेवावं.

घरातल्या व्यायामात मी सूर्यनमस्काराला पहिला मान देते. यात थोडा जिल्ह्याचा अभिमानही आहे, नाकारत नाही. खटाव तालुक्यातलं औंध आमचंच. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला होता. स्वतः घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून घालून घ्यायचे. सतरंजीएवढी जागा पुरते, काही विकत आणावं लागत नाही, हात, पाय, पाठ, पोट सगळ्यांना काम मिळतं.

सुरुवात तीन नमस्कारांनी करा. आठवड्याला एक वाढवा. रथसप्तमीला कुठल्याशा कार्यक्रमात एकदम १०८ घालून आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानाची पायरी कशी चढतात ते मी दरवर्षी बघते. साष्टांगाच्या अवस्थेत छाती टेकवताना कोपरं अंगाजवळ ठेवा आणि पुढे वाकताना गुडघे थोडे मोडले तरी चालतील. पाठीवर ओढ येण्यापेक्षा ते बरं. बीपी आटोक्यात नसेल तर डोकं खाली जाणाऱ्या अवस्था आणि श्वास रोखून धरणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नमस्कार नको असतील तर इमारतीचा जिना आहे. चढणं व्यायामासाठी, उतरणं सावकाश आणि कठडा धरून. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो. ओल्या चपलांनी जिना करू नका, एवढं कळतंच तुम्हाला.

सणासुदीचंही असंच आधी ठरवा. गणपतीचे दिवस, गौरी, घरातलं लग्न, वार्षिक परीक्षा. या काळात वाईट दिवसाचंच माप, रोज, आणि त्याबद्दल मनात काही ठेवायचं नाही. नवरात्रात नऊ दिवस उपवास असेल तर चढ नको, सपाटीवर चाला. पाळीच्या दिवसांत जमेल ते. अनेकींना सावकाश चालल्याने पोटदुखीला उलट आराम पडतो, काहींना नाही पडत. दोन्ही ठीक.

सोबत

मैत्रीण सोबत असली की पाय लवकर उचलतात. पण एकीला दुसरीच्या घरी बोलवायला जायची पद्धत ठेवली की घात होतो. ती दार उघडते, ‘ये ना, पाच मिनिटं, चहा टाकते’ म्हणते. भेटायचं ते वाटेत, ठरलेल्या कोपऱ्यावर. दोन मिनिटं थांबायचं, नाही आली तर पुढे चालू लागायचं आणि त्याचा राग कुणी धरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यायचं. आमच्या चौघींत हे बोललेलं आहे. त्यामुळे एक गावाला गेली तरी बाकीच्यांचं चालणं बंद पडत नाही.

अंधारात एकटीने निर्जन वाटेला जाऊ नका. भटक्या कुत्र्यांचा त्रास असेल तर हातात काठी ठेवा, पळू मात्र नका, पळणाऱ्याच्या मागे ती लागतात. साडीवर बूट घालायची लाज वाटत असेल तर पहिला आठवडा वाटेल. नंतर लोकांना सवय होते आणि दोघी-तिघी तर बूट कुठून घेतले ते विचारायला येतात. बूट मात्र चांगले घ्या, संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी.

जिमला जायचं असेल तर जा, पण वर्षाची फी एकदम भरू नका, कितीही सूट देवोत. एक महिना. तो नीट झाला तर पुढचा. आणि जिम निवडताना यंत्रं बघू नका, घर ते काम या वाटेवर ती आहे का तेवढं बघा.

काउंटरवरून चार गोष्टी

हे मात्र लक्ष देऊन वाचा.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नका. साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. खिशात ग्लुकोज पावडरची पुडी ठेवा, नाहीतर तीन चमचे साखर बांधून घ्या. बिस्किट नको, ते हळू चढतं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी.

बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेत असाल तर मनगटावरचं घड्याळ तुम्हाला फसवेल. या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. घड्याळ म्हणतं अजून जोरात, आणि तुम्ही आधीच दमलेले असता. तुमच्यासाठी बोलण्याची खूणच खरी. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात पाणी सोबत ठेवा आणि चक्कर वाटली तर बसा.

पेनकिलर खाऊन चालायला जाऊ नका. हे रोज कुणीतरी विचारतं. दुखणं म्हणजे अंगाने दिलेला निरोप असतो. तो गोळीने बंद केला की नेमकं काय बिघडतंय ते कळत नाही, शिवाय या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात आणि बीपी वाढवतात. नव्याने सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पोटऱ्या दुखणारच. ते स्नायूंचं दुखणं, तीन-चार दिवसांत आपोआप जातं, आणि हलकं चालल्याने लवकर मोकळं होतं. सांध्यात सूज, गुडघ्यात खटकन अडकणं, एकाच जागी टोचणारी कळ, पिंडरी सुजून गरम लागणं, हे वेगळं. त्यासाठी डॉक्टर, स्प्रे नव्हे.

आणि चालताना छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. गॅस झाला असेल म्हणून घरी येऊन ओवा खात बसू नका, थेट दवाखाना गाठा. चाळिशी ओलांडलेली असेल आणि शुगर, बीपी, तंबाखू, घरात हृदयविकार यातलं एखादं असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी एकदा तपासून घ्या. साधं चालणं सुरू करायला मात्र कुणाची परवानगी मागत महिनाभर थांबू नका.

मोठ्या खंडानंतर

कितीही आखलं तरी एखादा मोठा खंड पडतोच. बाळंतपण, ऑपरेशन, घरातलं आजारपण, बदली. अशा वेळी लोक जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू करायला जातात आणि तीन दिवसांत अंग धरून बसतात.

साध्या तापानंतर ताप जाऊन दोन दिवस होईपर्यंत काहीच नको. मग एक आठवडा वाईट दिवसाचं माप, दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या अर्धं, तिसऱ्यात पूर्ण. खंड महिन्याहून मोठा असेल तर सरळ नव्याने सुरू करतोय असं समजा, आणि पहिले पंधरा दिवस चढाला हात लावू नका. वेळ मात्र पहिल्या दिवसापासून जुनीच पकडा. पाय कुठवर जातात ते नंतर बघू, पण डबे गेल्यावर दाराबाहेर पडायचं, भले कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यावं लागलं तरी.

डेंग्यूनंतरचा थकवा कित्येक आठवडे रेंगाळतो. प्लेटलेट्स नॉर्मल आल्या म्हणजे अंगात ताकद आली असं नाही. चिकुनगुनियात तर सांधे महिनोन्महिने धरतात, आणि सकाळी घोटे, बोटं सगळ्यात जास्त आखडलेली असतात. त्या काळात चालायची वेळ सरळ संध्याकाळवर न्या. सकाळी कोमट पाण्यात पावलं बुडवून घोटे दोन्ही बाजूंनी गोल फिरवा, बोटांची मूठ मिटा-उघडा, तेवढंच. सांधे दिवसभर मोकळे राहायला लागले की वेळ पुन्हा सकाळी आणा.